गाडी ‘लो’ केली, पण मोजलं कोणी?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये अशी एक तरी गाडी असतेच. सेकंड हँड, काळ्या रिम्स, चाकांच्या कमानी टायरवर टेकतील इतकी खाली बसलेली. डिकीवरचा स्पॉयलर काढून तिथली भोकं पुटीनं बुजवलेली, कारण ‘क्लीन लुक’ हवा. भोवती चार जण मोबाइल काढून उभे. तुम्ही त्या चौघांतले असाल, गाडीचे मालक असाल, किंवा रात्री अकराला ‘चल लोणावळा’ म्हटल्यावर मागच्या सीटवर बसणारे मित्र असाल. हा लेख तिघांसाठी आहे. जास्त करून मागच्या सीटवाल्यासाठी.

आपल्याकडे मॉडिफिकेशनची बातमी येते ती बहुतेक वेळा सायलेन्सरची. पोलीस ते जप्त करतात, रोलरखाली घालतात, व्हिडिओ होतो. आवाज ऐकू येतो म्हणून सायलेन्सर पकडला जातो. कापलेल्या स्प्रिंगचा आवाज येत नाही आणि नसलेला स्पॉयलर कुणाला दिसत नाही. पण गाडी रस्त्यावर टिकून राहण्याशी खरा संबंध या दोन गोष्टींचा आहे. तो किती आहे, हे एका मोठ्या कंपनीला फार महागात शिकावं लागलं.

ती गाडी म्हणजे ऑडी टीटी. १९९५ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये ती संकल्पना म्हणून दाखवली गेली, १९९८ मध्ये विक्रीला आली. पुढून-मागून सारखीच गोलाई, कुठे एक रेघ जास्त नाही. लोक वेडे झाले. पण जर्मनीत ऑटोबानच्या बऱ्याच भागावर वेगाला मर्यादा नाही. तिथे १८० च्या वर जाऊन लेन बदलताना किंवा वळण घेताना टीटीची मागची बाजू सुटायला लागली. अपघात झाले, माणसं गेली. कारण त्या सुंदर शेपटीतही होतं. वेगानं जाणारी हवा गोलाईला चिकटून खाली वळते आणि मागचा भाग वर उचलते. मागच्या टायरवरचा भार कमी झाला की पकडही कमी होते.

कंपनीनं गाड्या परत बोलावल्या. डिकीवर छोटा स्पॉयलर आला, सस्पेन्शनमध्ये बदल झाले आणि ईएसपी म्हणजे घसरणारी गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा बसली. इथं जरा थांबा. ज्यांनी गाडी बनवली, त्यांनाही एकट्या स्पॉयलरवर भागवता आलं नाही. हवा, स्प्रिंग आणि टायर एकमेकांना बांधलेले असतात, एकाला हात लावला की बाकीचे हलतात. २००६ मध्ये दुसऱ्या पिढीची टीटी आली तेव्हा स्पॉयलर डिकीतच लपवला होता, वेग वाढला की आपोआप वर येणारा. दिसायला नको, पण असायला हवाच!

आणि तरी जुन्या टीटीचे शौकीन तो स्पॉयलर काढतात, वर गाडी खाली बसवतात. त्यावरचा युक्तिवाद आपल्या गॅरेजमध्येही ऐकू येतो: ‘गाडी लो केली की खालून हवा कमी जाते, मग स्पॉयलर लागतोच कशाला?’ यात अर्धं खरं आहे. गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो, एकूण उचल थोडी कमी होऊ शकते. पण पुढे किती, मागे किती? नाक जास्त खाली आणि शेपूट वर अशी ठेवण झाली तर मागची पकड उलट घटू शकते. कंपनीनं हे मोजून बसवलं होतं. गॅरेजवाला डोळ्यानं बघून ‘मस्त बसली’ म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, आपण कुठे १८० नं जातो? बरोबर आहे. हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. सिंहगड रोडवर ४० नं रांगणाऱ्या हॅचबॅकचा स्पॉयलर काढला तर हवेच्या दृष्टीनं जवळपास काहीच बिघडत नाही, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण समृद्धी महामार्गावर कारला १२० ची परवानगी आहे, म्हणजे ६० च्या चौपट जोर. शिवाय बऱ्याच हॅचबॅकमध्ये तिसरा ब्रेक लाइट स्पॉयलरमध्येच असतो. स्पॉयलर गेला की तोही जातो, आणि मागच्या ट्रकवाल्याला तुमचा ब्रेक उशिरा कळतो.

सस्पेन्शनचं मात्र ४० च्या वेगातही लपत नाही. आपल्याकडच्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ ते १७० मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गोलाकार गतिरोधक १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गाडी ४० मिलिमीटर खाली आणली तर नियमातल्या गतिरोधकावरही जेमतेम २५-३० मिलिमीटर उरतात, तेही गाडी रिकामी असताना. चार मित्र बसले की संपलं. आणि तुमच्या गल्लीतला गतिरोधक नियमात बसतो का, हे तुम्हीच सांगा.

त्यातही स्वस्त उपाय म्हणजे ग्राइंडरनं स्प्रिंगचं एक वेटोळं कापणं. आठातलं एक गेलं की स्प्रिंग साधारण १४ टक्के कडक होते, पण दबायला जागा कमी उरते. खड्ड्यात ती लवकर तळाला लागते. चाक हवेत लटकलं तर आखूड स्प्रिंग बैठकीतून सरकू शकते. फक्त मागची बाजू खाली बसवली तर हेडलाइट वर बघायला लागतात आणि समोरून येणाऱ्या बाइकवाल्याचे डोळे दिपतात. त्यानं तर तुमच्या गाडीला लाइकही केलेलं नसतं.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ऐकायला कडक. पण कायद्यात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्यानं त्याचं मूळ स्वरूप पालटतं. स्प्रिंगची उंची आरसी बुकात लिहिलेली नसते, स्पॉयलरही नसतो. मग ४० मिलिमीटरनं मूळ स्वरूप पालटलं का? याचं उत्तर समोर उभा असलेला अधिकारी देणार. म्हणजे एकाला पावती आणि दुसऱ्याला ‘जा रे’.

जर्मनी इथेही वेगळी वाट दाखवते. तिथे खाली बसवणारी स्प्रिंग कागदपत्रांसह विकत मिळते. ती बसवून मान्यताप्राप्त तपासनीसाकडे जायचं, तो गाडी बघतो, मग बदलाची नोंद होते. नापास झालात तर काढा. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी संस्था आहे, जिथं कंपन्यांच्या गाड्यांच्या चाचण्या होतात. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये बदललेली तुमची एकुलती एक गाडी शनिवारी दुपारी कुठे नेऊन ‘तपासा’ म्हणण्याची सोय नाही. मला विचाराल तर धोरणातली खरी भगदाड ही आहे. हौस बंदीनं मरत नाही, ती फक्त ग्राइंडरवाल्याकडे जाते. परवडणाऱ्या फीमध्ये तपासणी करून नोंद देणारं केंद्र प्रत्येक मोठ्या आरटीओशेजारी असतं, तर निम्म्या कापलेल्या स्प्रिंग तिथेच पकडल्या गेल्या असत्या.

तोवर हिशेब तुमच्याकडेच. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलावरून अपघातानंतर क्लेमचा वाद होऊ शकतो. आणि अशी गाडी सेकंड हँड घेत असाल, तर रंगावर भुलण्याआधी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड हातानं चाचपा. ती बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलेली असेल, तर मोबाइलचा टॉर्च लावून स्प्रिंगचं टोक बघा. कंपनीतून आलेल्या टोकावर रंग असतो. कापलेलं टोक उघडं, गंजलेलं दिसतं.