गृह-आरोग्य : जुनें दुखणें झांकूं नये

मोठें दुखणें एकदां बरें झालें म्हणजे त्याचा उच्चार पुन्हां करूं नये, अशी आपल्या घरांतून समजूत असते. सासूबाईंच्या स्तनावर पूर्वीं कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, हें कित्येकदां सुनेलाहि ठाऊक नसतें. हा संकोच केव्हां केव्हां फार महाग पडतो.

समजा, भिवंडीजवळील पूर्णा गांवच्या एखाद्या आजींना एकाचे दोन दिसूं लागले, किंवा त्यांचा गाल बधिर झाला. प्रथम चष्मा बदलतो, मग दांत दाखविले जातात. शेवटीं एम्. आर्. आय्. चें चित्र काढतात, तों कवटीच्या तळाशीं गांठ!

मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या या तळांतील छिद्रांतूनच बाहेर पडतात. म्हणून येथील लहानशी गांठहि डोळा, गाल, जीभ किंवा गिळणें बिघडविते. १९८१ सालीं न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं कर्करोग येथवर पसरलेल्या ४३ रोग्यांचा अभ्यास करून लक्षणांचे पांच समूह सांगितले.

खरी अडचण पुढेंच आहे. मेंदूच्या आवरणाची ‘मेनिंजिओमा’ ही गांठ बहुधा सौम्य असते व सावकाश वाढते. परंतु स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेट ग्रंथि येथील कर्करोगाचें बीज रक्तावाटे येऊन येथें रुजलें, तर चित्रांत तेंहि तसेंच दिसूं शकतें. पहिलीच्या बाबतींत पुष्कळदां कांहीं महिने वाट पाहतां येते. दुसरीस किरणोपचार वा औषधें लवकर मिळावीं लागतात. अशा वेळीं जुन्या दुखण्याची एक ओळ डॉक्टरांचा सारा विचार बदलते. स्तनाचा कर्करोग दहा-पंधरा वर्षांनींहि परततो. तेव्हां ‘तें कधींच संपलें’ असें मानून गप्प बसूं नये.

उलटपक्षीं, प्रत्येक दुहेरी दृष्टि म्हणजे कर्करोग नव्हे. मधुमेहानेंहि तसें होतें. आणि पूर्वीं कर्करोग झालेल्यासहि साधी मेनिंजिओमा होऊं शकते. शंका राहिल्यास गांठीचा तुकडा तपासूनच निर्णय होतो.

परळचें टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील असोत वा अन्य ठिकाणचे, शस्त्रक्रियेचे व तपासणीचे कागद घरांतील दोघांना तरी ठाऊक असलेल्या जागीं ठेवावे. दागिन्यांची पेटी आपण जपतों. हे कागद तिच्याच शेजारीं शोभतील.