पोरांची संध्याकाळ सांभाळा

मूल जेवत नाही, ही तक्रार सोलापुरात घरोघरी ऐकू येते. त्यावर टॉनिकची बाटली आणण्याआधी एक करा. शाळा सुटल्यापासून पोर झोपेपर्यंत काय काय होतं, ते एक दिवस नीट बघा.

शहराच्या पूर्वभागातल्या एखाद्या विडी कामगाराच्या घरात बघा. साडेपाचला पोर दप्तर टाकतं. आई सूप मांडीवर घेऊन बसलेली असते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. उद्या विड्या मोजून द्यायच्या आहेत, हात थांबवून चालत नाही. मग पोराच्या हातावर पाच रुपये पडतात. ते दुकानातून खाऊची पुडी आणतं आणि मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतं. आठ वाजता ताट वाढलं की भूक मेलेली असते. दोन घास खाऊन उठतं. अंग दमलेलं नाही, म्हणून झोप येत नाही. अकरा वाजून जातात. सकाळी उठवता उठवत नाही. मग चहात बुडवून टोस्ट, आणि धावतपळत शाळा.

नोकरदाराच्या घरातही हेच होतं. फक्त सुपाच्या जागी दुसरं काम असतं.

यात आईला बोल लावू नका. तिने काय काय बघायचं? पण खाणं, खेळणं आणि झोप एकमेकांत अडकलेली आहेत, एवढं सगळ्यांनी ध्यानात घ्या. संध्याकाळ नीट गेली की तिन्ही मार्गी लागतात.

आधी पुडी बंद करा. रोजचे पाच म्हणजे महिन्याचे दीडशे रुपये. तेवढ्यात जवळपास किलोभर शेंगदाणे येतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, त्या पुडीत मीठ आणि तेल. पोर शाळेतून आलं की शेंगदाणा-गूळ द्या, उकडलेलं अंडं द्या, नाहीतर सकाळची भाकरी दह्यात कुस्करून द्या. हंगामात बोरं, पेरू, डाळिंबाची एखादी फोड.

एक सांभाळा. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. आणि काळपट, बुरशी आलेले, कडू लागणारे दाणे मोठ्यांनीही खाऊ नयेत.

आपल्या जिल्ह्यात खाण्याची उणीव नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती भाकरी सोडून पोराला बिस्किटावर का वाढवायचं? भाकरीबरोबर तुरीचं वरण, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं. थंडीत करडईची, हरभऱ्याची, चाकवताची भाजी. शेंगाचटणी लहानांसाठी वेगळी काढा, तिखट कमी. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. लहान मुलांना चहा देऊच नका. जेवणाबरोबर घेतलेला चहा तेच लोह अडवतो.

हे उगाच सांगत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळपास ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी होतं. असं पोर लवकर दमतं, वर्गात त्याचं लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. जंतांमुळेही रक्त कमी होतं. शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत फक्त आईचं दूध. त्यानंतर वरणात मऊ कुस्करलेली भाकरी, भात, थोडं तूप. एवढुशा पोटात एका वेळी फार मावत नाही, म्हणून थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा भरवा.

विड्या वळणाऱ्या बायांना हात जोडून सांगणं आहे. भरवण्याआधी हात साबणाने धुवा, नुसते पाण्याने नकोत. सूप आणि तंबाखू रांगत्या पोराच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. तंबाखूची चिमूट पोटात गेली तरी लहानग्याला विषबाधा होऊ शकते.

आता खेळ. पाच वर्षांवरच्या मुलाला रोज तासभर घाम येईपर्यंत खेळू द्या. धाकट्यांनी तर दिवसभर हलतं-बागडतं राहावं. एप्रिल-मे मध्ये इथला पारा ४३ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर सोडा. खेळायला जाताना आणि आल्यावर पाणी प्यायला लावा. नळाला रोज पाणी येत नाही तिथे घरात जपून वापरतात, ते ठीक. पिण्याच्या पाण्याला मात्र पोराला टोकू नका.

मैदान लांब असेल तर गल्ली आहे. लंगडी, लगोरी, डबा ऐसपैस यांना पैसे पडत नाहीत. भीती असते ती गाड्यांची. त्यासाठी गल्लीतल्या चार घरांनी पाळी लावा. रोज एका घरातलं मोठं माणूस तासभर ओट्यावर बसेल. सकाळपाळी करून आलेले वडील, आजोबा, कुणीही. तेवढ्या वेळात बाकीच्या घरांतली कामंही उरकतात.

मुलींचं वेगळं सांगावं लागतं, कारण दहा-अकरा वर्षांची झाली की तिला आत बोलावतात. धाकट्याला धर, भांडी घास, सुपाशी बस. तिचंही अंग वाढायचं आहे. तिचाही तास तिला द्या. आपल्याच जिल्ह्यातल्या वेळापूर, वाडीकुरोली या गावांनी खो-खोत महाराष्ट्राला खेळाडू दिले, आणि त्यांत मुली आहेत.

खेळून आलेलं पोर स्वतःच ताट मागतं. साडेसात-आठला जेवू घाला, सगळे एकत्र बसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत किंवा फडताळावर ठेवा. त्यात मोठ्यांचाही आला.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्याला ९ ते १२ तास, तेरा ते अठराच्याला ८ ते १०. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं, ते मुलांच्या झोपेसाठीच. पण अकराला झोपवलं तर त्याचा उपयोग काय? नऊला दिवा मालवा. यंत्रमागाचा खडखडाट असेल तर अंथरूण त्या भिंतीपासून दूरच्या खोलीत घाला. उकाड्यात गच्चीवर झोपत असाल तर मच्छरदाणी लावा.

पहिले आठ दिवस पोर रडेल, पुडी मागेल. घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्या. आजीने गुपचूप पैसे दिले की सगळं पहिल्यासारखं होतं.

सहा वर्षांखालच्या मुलाचं वजन दर महिन्याला अंगणवाडीत करून घ्या आणि कार्डावरचा आकडा स्वतः विचारा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर पट्टीने मोजतात. साडेबारा सेंटीमीटरच्या खाली पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. पिवळा आला तर खाणं वाढवा आणि अंगणवाडीताईंना पुन्हा दाखवा. लाल आला तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. भरती करा म्हणाले तर हजेरी बुडेल म्हणून परत आणू नका. पोषण पुनर्वसन केंद्रात मुलासोबत आईला राहता येतं आणि तिच्या बुडीत मजुरीची तरतूद असते. ती कशी मिळते, हे आशाताईंना आधीच विचारून ठेवा.