गोळी सोडू नका, पाळी बदलून घ्या



खोडव्याची खते, तोडणीचा कार्यक्रम, ठिबकचे अनुदान यांवर या पानांत नेहमी लिहिले जाते. आज मी एका गोळीवर लिहिणार आहे. उदासीच्या आजारावर, ज्याला डॉक्टर लोक डिप्रेशन म्हणतात, जी गोळी देतात तीच ही. आपल्या कार्यक्षेत्रात ती घेणारे किती आहेत ते कोणालाच सांगता येणार नाही. बी.पी.ची गोळी खिडकीत उघड्यावर असते, ही गोळी धान्याच्या डब्यामागे असते. मी स्वतः दीड वर्ष घेतो आहे. हे छापून आल्यावर गावात दोन दिवस चर्चा होईल, होऊ द्या.

आजाराविषयी फार लिहीत नाही. मला बोलायचे आहे ते गोळीने येणाऱ्या थकव्याविषयी, कारण माझ्या पाहण्यात गोळी अर्ध्यावर सुटते ती बहुधा पैशाने किंवा लाजेने नव्हे, तर थकव्याने. माणूस म्हणतो, "मन जरा बरं झालं, पण अंगातलं बळच गेलं. सकाळी नऊपर्यंत डोळ्यांवर झापड. बांधावर बसलो की पेंग येते." घरचे म्हणतात, गोळी गरम पडली. पारावरचे म्हणतात, ती झोपेचीच गोळी, सवय लागेल, सोड. मग तो एके दिवशी पाकीट उकिरड्यावर टाकतो. आठ-दहा दिवस मोकळे वाटते, आणि काही आठवड्यांनी जुने दुखणे पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसते. त्या वेळी डॉक्टरकडे परत जायची उमेदही उरलेली नसते.

थकवा खोटा नाही, हे आधी मान्य करू. सर्दीची गोळी घेतल्यावर जशी गुंगी येते, तशीच गुंगी या औषधांपैकी काहींनी येते, आणि कारणही तेच आहे. आपल्याला जागे ठेवणारे हिस्टामिन नावाचे एक द्रव्य मेंदूत असते, त्याचे काम ही औषधे अडवतात. या जातीचे पहिले औषध इमिप्रामीन. स्वित्झर्लंडच्या रोलंड कून या डॉक्टरांनी १९५७ साली त्यावर लेख लिहिला. त्याच घराण्यातले अमिट्रिप्टिलीन आजही वापरात आहे आणि ते चांगलेच झोपाळू आहे. मिर्टाझापीन हेही तसेच. ज्याची झोप पार उडाली आहे त्याला डॉक्टर ते मुद्दाम देतात. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटीन आणि त्यानंतरची सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम ही औषधे त्या मानाने कमी सुस्ती आणतात. पण फ्लुओक्सेटीनने काहींची रात्रीची झोपच मोडते आणि मग दिवसा शीण येतो. म्हणजे एकाला औषधाने जास्त झोप येते, दुसऱ्याची औषधाने झोप जाते, आणि दोघेही दवाखान्यात जाऊन एकच वाक्य बोलतात, "थकवा येतो." उपाय मात्र दोघांचे उलटे. एकाची गोळी रात्रीकडे सरकवायची, दुसऱ्याची सकाळकडे. म्हणून नुसता थकवा सांगू नका, तो कोणत्या वेळी येतो ते सांगा. पाण्याच्या पाळीची वही आपण ठेवतोच, तिच्याच मागल्या पानावर आठ दिवस लिहा. गोळी किती वाजता घेतली, झोप किती वाजता लागली, जाग कधी आली, जडपणा किती वाजेपर्यंत राहिला. डॉक्टरला त्या चार ओळींवरून जेवढे कळते तेवढे अर्ध्या तासाच्या गप्पांतून कळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास चुकते. सुरुवातीला पुष्कळ वेळा दोन गोळ्या मिळतात, एक उदासीची आणि एक झोप किंवा घबराट यासाठी, क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम. सुस्ती बरेचदा या दुसरीची असते आणि सवय लागते तीही या दुसरीचीच. ती बहुतेक थोड्या आठवड्यांपुरती असते. आपण काय करतो? झोप छान लागते म्हणून दुसरी चालू ठेवतो आणि "सवय लागेल" म्हणून पहिली बंद करतो. तेव्हा पुढच्या खेपेला दोन्ही पाकिटे टेबलावर ठेवून विचारा, यातली झापड आणणारी कोणती, आणि ती कधी कमी करायची. मात्र तीही महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम तोडायची नाही.

दिवसांचा हिशेबही लक्षात घ्या. त्रास पहिल्या दिवसापासून जाणवतो, गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो आणि पुरता यायला सहा-आठ आठवडे लागतात. म्हणजे पहिला महिना निव्वळ खर्चाचा. लागण केल्यावर आठव्या दिवशी कांडी उकरून डोळा फुटला का ते आपण बघत नाही. पुष्कळांची सुरुवातीची सुस्ती दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरते. उतरली नाही तर डोस कमी करणे, वेळ बदलणे, औषधच बदलणे हे सगळे मार्ग डॉक्टरकडे असतात. पण आपण गप्प बसलो तर त्याला काय स्वप्न पडणार?

आणि सगळा थकवा गोळीच्या माथी मारू नये. उदासीचा आजार स्वतःच माणसाला गळाठून टाकतो. गोळीच्या आधीपासून अंग उठत नव्हते का, ते आठवून पाहा. रक्त कमी असणे, थायरॉईड, साखर, बी-१२ची कमतरता यांनीही असेच होते आणि या तपासण्या तालुक्याला होतात. साठी ओलांडलेल्यांनी विशेष सांभाळावे. या गोळीबरोबर बी.पी.साठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातले सोडियम उतरू शकते. मग थकवा येतो, तोल जातो, माणूस विसंगत बोलतो. तिथे घरगुती मीठ-पाण्याचा उपाय नको, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दारूविषयी एकच वाक्य लिहितो. गोळीवर दारू घेतली तर दुसऱ्या दिवशीच्या सुस्तीची तक्रार करण्याचा हक्क उरत नाही.

आता मूळ मुद्दा. शेतीची लाईट पुष्कळ ठिकाणी अजून आलटून पालटून रात्रीची असते. सौर वाहिनीने काही गावांत दिवसाची आली आहे, सगळीकडे नाही. डॉक्टरने गोळी रात्री नऊला सांगितलेली असते आणि लाईट येते बाराला. झापड आणणारी गोळी पोटात घेऊन माणूस दारे धरायला निघतो. अंधार, चिखल, ओला स्टार्टर, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. नाहीतर तो दुसरे करतो, रात्रीच्या लाईटच्या दिवसांत गोळीच घेत नाही. तीन दिवस घेतली, चार दिवस चुकवली. अशाने गुण तर येतच नाही, वर गरगरणे, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होणे सुरू होते. पॅरोक्सेटीन, व्हेनलाफॅक्सीन यांसारख्या औषधांत हे जास्त होते. मग तोच माणूस म्हणतो, बघा, गोळीने वेड लागायची पाळी आली. ते गोळीने नव्हे, गोळी चुकवण्याने होते.

माझ्या डॉक्टरांना मी रात्रीच्या पाण्याचे सांगितले तेव्हा त्यांनी भाबडेपणाने विचारले, "रात्री शेतात कशाला जाता?" शहरात वाढलेला माणूस, त्याचा दोष नाही. लाईटचे कोष्टकच त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी सकाळी घेण्याजोगे औषध दिले आणि जुने दोन आठवड्यांत हळूहळू कमी करवले. पण खरा तोड घरात निघाला. धाकट्या भावाने रात्रीचे पाणी घेतले, मी दिवसाचे पाणी, धार आणि डेअरी घेतली. पंपाला मोबाईलवरचा स्टार्टर बसवला, त्याने काही खेपा वाचल्या. भावाने तोंड वाकडे केले नाही असे नाही. पण पाठीच्या मणक्याचे ऑपरेशन झालेल्या चुलत्याचे रात्रीचे पाणी आमच्या घराने वर्षभर केले होते, तेव्हा कोणी हिशेब मागितला नव्हता. मनाचे दुखणे मणक्याइतके तरी धरायला काय हरकत आहे?

घरातल्या बायकांचे याहून अवघड आहे. पाचला उठणारी सून गोळीने साडेसहाला उठली की "आळशी झाली" हा शब्द घरात फिरू लागतो. तिला बदली द्यायला भाऊ नसतो. सासूबाईंनी दोन महिने पहाटेचा चहा आणि धार आपल्याकडे घेतली तर ती बाई औषध पुरे करेल. दिवस गेले असतील किंवा मूल अंगावर पीत असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, पण मनाने गोळी थांबवू नये.

कारखान्याकडेही माझे मागणे आहे. गाळप चालू असताना कामगारांच्या तीन पाळ्या असतात, आणि डबल ट्रॉली ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. गोळी नुकतीच सुरू झालेल्या किंवा डोस वाढलेल्या माणसाने, सुस्ती किती येते ते कळेपर्यंत, ट्रॅक्टरवर, कुट्टी मशीनवर किंवा मिलच्या पट्ट्याजवळ उभे राहू नये. डॉक्टरची चिठ्ठी आणली तर त्याला पहिले काही आठवडे दिवसपाळी द्यावी, आणि कारण फलकावर लावू नये. सभासदाने गट ऑफिसात अडचण सांगितली तर ती टेबलावरून चहाच्या गाड्यावर जाऊ नये. काहीजण म्हणतील, उद्या सगळेच चिठ्ठ्या आणतील. आणतील एक-दोघे. ट्रॉलीत दगड घालून आणणारा एखादा निघतो म्हणून आपण वजनकाटा बंद करत नाही. आणि डोळ्यांचे, रक्तदानाचे शिबिर आपण घेतो, त्यात जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाचे एक टेबल मांडायला वेगळा मांडव लागत नाही.

एका बाबतीत मात्र थांबायचे नाही. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत, औषधाच्या पहिल्या आठवड्यांत किंवा डोस बदलल्यावर, बेचैनी वाढून जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कधी कधी जास्त येतात. म्हणून औषध नको असे नव्हे, घरच्यांनी डोळा ठेवायचा आणि डॉक्टरला लगेच कळवायचे. कोणत्याही वयाच्या माणसाने "आता जगण्यात अर्थ नाही" असे म्हटले तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे कुलपात घाला, किंवा सरळ शेजारच्या घरी ठेवा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्री दोनलाही उचलतात, आणि मराठीत बोलता येते.

बाकी बारीकसारीक. सकाळच्या उन्हात अर्धा तास चालणे, शेतातले चालणेही चालते. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ न देणे. चार वाजल्यानंतर चहा टाळणे, जो मला अजून जमलेला नाही.

राहता राहिला प्रश्न गोळी कधी थांबवायची. पहिल्यांदा आजार झाला असेल तर बरे वाटू लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, पुन्हा झाला असेल तर जास्त. थांबवायची तीही टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरच्या सांगण्याने. कमी करायचे दिवस ठरवताना तोडणीचे दिवस टाळून मागा. टोळी फडात, ट्रॉली बांधावर, रात्रीचे जागरण, अशात डोस उतरवला तर शीण कशाचा आणि दुखणे कशाचे ते कोणालाच कळणार नाही. माझी आडसाली तुटली की मे महिन्यात कमी करायला घेऊ, असे डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे. वही तोपर्यंत चालू आहे.

– एक ऊस उत्पादक सभासद