रेकॉर्डर मुलांच्या हाती

राज्यातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत आता लोकवर्गणीतून किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून आलेला मोठा टीव्ही भिंतीवर दिसतो. त्यावर कवितेचा तयार व्हिडिओ लागतो, मुले चालीवर माना डोलावतात, तास संपतो. यात वाईट काही नाही, पण नवेही काही नाही. पूर्वी शिक्षक फळ्यावर लिहीत आणि मुले उतरवून घेत. आता पडदा बोलतो आणि मुले नुसती ऐकतात. म्हणजे मुलांच्या वाट्याचे काम उलट कमीच झाले.

पडद्याचे हे आकर्षण जुने आहे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगात एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी पोहोचली. शाळकरी मुलांसाठी वेगळे कार्यक्रम होते, आणि प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही याच मार्गाने दिले गेले. हे दुसरे अंग आज जवळपास विस्मरणात गेले आहे. साधनाबरोबर शिक्षकालाही घडवावे लागते, हे त्या आयोजकांना पन्नास वर्षांपूर्वी कळले होते.

आज शिक्षक घडवला जातो, पण बहुधा साधनापुरताच. ‘तंत्रस्नेही’ प्रशिक्षणात ॲप कसे उतरवायचे, व्हिडिओ कसा कापायचा, त्याला संगीत कसे जोडायचे हे दाखवतात. कोणता पाठ, मुले नेमकी कुठे अडतात आणि तिथे हे साधन काय करील, हा प्रश्न बाजूला राहतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडले, की विषय येणे आणि शिकवता येणे या दोन गोष्टी जिथे मिळतात तिथले ज्ञान हे शिक्षकाचे खास ज्ञान. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. सार असे, की तंत्रज्ञान सुटे शिकून वर्गात उपयोग होत नाही. ते विषयाच्या आणि मुलांच्या अडचणीच्या संदर्भातच शिकावे लागते.

भूमितीचे उदाहरण घ्या. ‘जिओजेब्रा’ हे मोफत साधन. त्यात काढलेल्या त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटाने ओढला की कोन बदलत राहतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. शिक्षकाने हे पडद्यावर करून दाखवले तर ती एक गंमत. पण आधी ‘बेरीज बदलेल की नाही?’ असे विचारून, मुलांचे अंदाज फळ्यावर लिहून, मग एकेकाला बिंदू ओढू दिला तर तो गणिताचा तास. साधन तेच, बटणही तेच.

आमच्या मते वर्गातले सर्वांत उपयोगी डिजिटल साधन सर्वांत स्वस्तही आहे. ते म्हणजे शिक्षकाच्या मोबाइलमधला आवाजाचा रेकॉर्डर. त्याला इंटरनेट लागत नाही, आणि वीजबिल थकून शाळेची जोडणी तुटली तरी तो चालतो. तिसरीतले मूल अडखळत वाचते तेव्हा आपण कुठे अडखळलो हे त्याला कळत नाही, कारण वाचण्यातच त्याची सारी शक्ती खर्च होते. तोच उतारा रेकॉर्ड करून ऐकवला की ते स्वतःच चूक पकडते आणि पुन्हा वाचायला मागते. दर महिन्याचे एक वाचन जपून ठेवले तर वर्षअखेरीस पालकांना प्रगतिपत्रकापेक्षा ठळक पुरावा ऐकायला मिळतो. पाठ्यपुस्तकातल्या गोष्टीचे श्रुतिनाट्य करायचे तर संवाद लिहावे लागतात, पावसाचा आवाज सुपात तांदूळ हलवून काढावा लागतो, निवेदन कुठे थांबवायचे यावर भांडावे लागते. हे भांडण म्हणजेच भाषेचा अभ्यास.

याहून पुढे, मुलांना रेकॉर्डर घेऊन घरी पाठवता येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. आज तो ठेवा ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकता-वाचता येतो. पाचवीतल्या मुलांकडून एवढी अपेक्षा नाही. पण आजीची एक ओवी, आजोबांनी सांगितलेली दुष्काळाची हकीकत, विहीर खणणाऱ्याशी पाच प्रश्न, एवढे मूल आणू शकते. आणलेले ऐकून शब्द न् शब्द लिहून काढताना विरामचिन्हे का असतात, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि त्यांनी पुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडची चर्चा घरोघरी झाली. कोड आता सरकारी पुस्तकांतही असतात. मात्र कोड उघडल्यावर मूल काय करते, हा प्रश्न पुस्तक सोडवू शकत नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. फोन हातात आहे, त्याने काही घडवायची सवय नाही.

शिक्षकांनाच दोष देऊन चालणार नाही. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींचा मोबाइल दिवसभर वाजतो तो पोर्टलवर माहिती भरण्यासाठी, पोषण आहाराची नोंद पाठवण्यासाठी, कार्यक्रमाचे फोटो गटावर टाकण्यासाठी. त्यांचा डिजिटल वेळ प्रशासनाने आधीच खाल्लेला असतो. त्या फोटोंबद्दलही एक सांगायला हवे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. उपक्रम झाला की मुलांचे चेहरे फेसबुकवर, ही रीत आता थांबायला हवी.

नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत असे म्हटले आहे. त्यातले निम्मे तास तरी ॲपच्या नावाने न लावता पाठाच्या नावाने लावावेत. केंद्रप्रमुखांनी पुढच्या शिक्षण परिषदेत भाषणे कमी करून एकच पाठ निवडावा, प्रत्येक शाळेने त्यावर मुलांकडून करवून घेतलेले दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणावे, आणि सगळ्यांनी बसून ते ऐकावे. यासाठी नव्या निधीची गरज नाही.