विश्लेषण : विमानासारखं अंतराळात 'जाऊन-येऊन' राहणं कंपन्यांना अजून का जमलेलं नाही?

मुंबईहून दिल्लीला गेलेलं विमान तासाभरात नवे प्रवासी घेऊन परत निघतं. अंतराळातही असंच जाता आलं तर? 4 ऑक्टोबर 2004 रोजी हे स्वप्न हाताशी आल्यासारखं वाटलं होतं. त्या दिवशी 'स्पेसशिपवन' या खासगी रॉकेट-विमानाने पाच दिवसांत दुसऱ्यांदा 100 किलोमीटरची उंची ओलांडली आणि 1 कोटी डॉलरचं 'अन्सारी एक्स प्राइझ' जिंकलं.

मग पुढे काय झालं?

हे विमान उडतं कसं?

रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या व्हर्जिन गॅलॅक्टिकने हेच तंत्र पुढे नेलं. त्यांच्या 'युनिटी' यानाला एक मोठं विमान सुमारे 13 किलोमीटर उंचीवर नेऊन सोडायचं. मग साधारण मिनिटभर रॉकेट पेटायचं आणि यान आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाने 85 किलोमीटरच्या आसपास पोहोचायचं. प्रवासी काही मिनिटं तरंगायचे आणि यान ग्लायडरसारखं धावपट्टीवर उतरायचं.

घोडं पेंड कुठे खातं?

यान परत येतं, पण रॉकेट मोटर पूर्ण परत वापरता येत नाही. तिच्यात रबरासारखं घन इंधन असतं, त्यामुळे दर उड्डाणाला तिचा मुख्य भाग नवा बसवावा लागतो. जून 2023 ते जून 2024 या वर्षभरात 'युनिटी'ची व्यावसायिक उड्डाणं झाली फक्त सात. त्यानंतर ते निवृत्त झालं. त्याआधी 2014 मध्ये कंपनीचं पहिलं यान चाचणीत हवेतच तुटून एका वैमानिकाचा जीव गेला होता.

द्रवरूप इंधन हा दुसरा मार्ग. त्यात टाकी भरली की पुन्हा उडता येतं. अमेरिकेच्या एक्सकोर कंपनीचं 'लिंक्स' दिवसातून चार वेळा उडणार होतं; ते एकदाही उडालं नाही आणि 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. न्यूझीलंडच्या डॉन एरोस्पेसने मात्र लहान, मानवरहित विमानापासून सुरुवात केली. 2024 मध्ये त्याने आवाजाचा वेग ओलांडला.

मग उपग्रहही असेच सोडता येतील?

इतक्यात नाही. कक्षेत टिकायला ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेग लागतो, म्हणजे 'युनिटी'च्या आठ-नऊपट. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ती लागते साठपटीहून जास्त. परतताना तीच ऊर्जा उष्णता बनून यानावर येते.

व्हर्जिन आता 'डेल्टा' यानं बनवतेय. प्रत्येक यान महिन्याला आठपर्यंत उड्डाणं करेल, असा कंपनीचा दावा आहे. हे जमलं तरच लाखो डॉलरचं तिकीट खाली येण्याची आशा आहे. त्यामुळे पुढची बातमी वाचताना यान किती उंच गेलं यापेक्षा ते पुन्हा किती दिवसांनी उडालं, हे बघा.