विमागणित व संगणक : दुहेरी पदवीचा विचार

झालेल्या व्यवहाराची नोंद ठेवण्यात आपला व्यापारी वर्ग निष्णात आहे. परंतु वीस वर्षांनी येणाऱ्या देण्यासाठी आज किती रक्कम बाजूस काढावी, हा हिशेब रोजकीर्दीत वा खातेवहीत मावत नाही. तो मांडणारा म्हणजे विमागणिती, अर्थात ॲक्च्युअरी. १६९३ साली एडमंड हॅली याने ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक रचले. १७६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटीने वयाप्रमाणे हप्ता ठरविला. या व्यवसायाचा पाया असा घातला गेला.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात विमागणित व संगणकशास्त्र या दोन्ही पदव्या एकत्र घेता येतात. एका पदवीत भागत असता दुसरीचा खर्च कशाला, असे पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण ही दोन शास्त्रे एकमेकांस परकी नाहीत. १९४७ साली अमेरिकेत संगणकतज्ज्ञांची संस्था स्थापण्यात पुढाकार घेणारा एडमंड बर्कली हा विमागणितीच होता. आज भारतातील विमागणित संस्थेच्या परीक्षांतही संख्याशास्त्राचे काही प्रश्न संगणकावर ‘आर’ भाषेत सोडवावे लागतात. तेव्हा ज्यास गणिताची मनापासून ओढ आहे, त्याने ही दुहेरी वाट अवश्य धरावी, असे आमचे मत आहे.

मात्र पदवी म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. विद्यापीठातील चांगल्या गुणांमुळे काही व्यावसायिक परीक्षांतून सूट मिळते. उरलेल्या परीक्षा नोकरी सांभाळून द्याव्या लागतात व त्यांत वर्षे जातात. केवळ मोठ्या पगाराच्या आशेने मुलास या मार्गास लावणे म्हणजे नमुना न पाहता माल उचलणे होय.

याहून महत्त्वाची गोष्ट विवेकाची. संगणक लक्षावधी हिशेब क्षणात करील, पण गृहीत धरलेला व्याजदर चुकला, तर चूकही तितक्याच वेगाने पसरेल. त्याच इक्विटेबलने पुढे निवृत्तिवेतनाच्या दरांची हमी दिली. व्याजदर उतरले, आयुर्मान वाढले. राखीव निधी अपुरा ठरला आणि डिसेंबर २००० मध्ये तिला नवा व्यवसाय बंद करावा लागला. त्याची झळ वृद्ध विमेदारांस पोहोचली.

म्हणून आपल्या संघाने अशा शिक्षणास शिष्यवृत्ती देताना गुणपत्रिकेबरोबर एवढे विचारावे : स्वतः काढलेल्या उत्तरावर शंका घेण्याची सवय या विद्यार्थ्यास आहे काय? दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या पुंजीचा हिशेब ज्याच्या हाती जाणार, त्याच्या अंगी हा गुण असलाच पाहिजे.