हजेरीचा पट्टा कुणाच्या मनगटावर?

तंत्रज्ञानाला जात नसते, असे आपल्यातलेच शिकले-सवरलेले तरुण हल्ली ठासून सांगतात. चिपला जात नसेलही. पण ती चिप आधी कुणाच्या गळ्यात अडकवायची हे ठरवणाऱ्याला जात असते, वर्ग असतो आणि हितसंबंधही असतात.

आरएफआयडी म्हणजे एक बारीक चिप आणि तिला जोडलेली अँटेना. बहुतेक टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरने सोडलेल्या रेडिओलहरींवरच तो जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हेच करतो. बारकोड वाचायचा तर तो समोर धरावा लागतो. आरएफआयडी मात्र खिशातून, पिशवीतून वाचता येतो आणि तो वाचला गेला हे धारकाला कळतही नाही. सगळी मेख इथेच आहे. गोदामातल्या मालाचा माग ठेवणारे हे तंत्र माणसाच्या ओळखपत्रात शिरले की माणूसही मालासारखाच मोजला जातो.

मनगटावरचे जीपीएस घड्याळ ही त्याच्या पुढची पायरी. आरएफआयडी फाटकावर पकडतो, घड्याळ दिवसभर सोडत नाही. नागपूर, चंदीगड, पंचकुला या शहरांत ते कुणाच्या हातात बांधले गेले? झाडू हातात असलेल्यांच्या! ज्या नागपुरात बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपल्याला माणूसपणाची दीक्षा दिली, त्याच नागपुरात सफाई कामगार ठरलेल्या हद्दीत आहे की नाही हे पडद्यावरचा ठिपका ठरवू लागला. 2020 साली चंदीगडच्या कामगारांनी या घड्याळांविरुद्ध आंदोलन केले. घड्याळात कॅमेरा आणि मायक्रोफोन असल्याने शौचालयात जातानाही धाकधूक वाटते, असे स्त्री कामगारांनी सांगितले.

"खासगीपणा हे बंगल्यात राहणाऱ्यांचे दुखणे, आमच्या माणसाला आधी भाकरी हवी," असे आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात. हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. तो बंगलेवाल्यांपुरता दिलेला नाही. आणि ज्या बाईला नोकरीच्या वेळेत निर्धास्तपणे लघवीला जाता येत नाही, तिच्यासाठी हा प्रश्न भाकरीइतकाच रोजचा आहे.

दुसरा युक्तिवाद संमतीचा. कामगाराने सही केली आहे, मग तक्रार कसली? याचे उत्तर बाबासाहेबांनी 1947 सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये देऊन ठेवले आहे. पोटाची खळगी भरायची म्हणून बेकार माणसाला आपले मूलभूत हक्क गहाण टाकावे लागतात, मग त्या हक्कांना अर्थ काय, हा त्यांचा सवाल होता. कंत्राटी कामगाराची सही ही अशीच सही असते. घड्याळ नको म्हटले की उद्यापासून काम नाही.

हजेरीचा हा खेळ आपल्याकडे नवा नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी जमातीच्या जमाती नोंदवहीत टाकल्या. पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायचे तर पास. सोलापूरच्या सेटलमेंटला तर तारेचे कुंपण होते. कायदा 1952 साली गेला, पण पारधी वस्तीवरची पोलिसांची नजर काही गेली नाही. तेव्हा माणसाला हजेरीसाठी चालत जावे लागे, आता हजेरी त्याच्याबरोबर चालते.

यांना खरोखर कामगाराची काळजी असती तर हे यंत्र आधी गटारात उतरले असते. विषारी वायू मोजणारे साधन, प्राणवायूचा मास्क, मैला काढणारे यंत्र या गोष्टी आजही मिळत नाहीत आणि माणसे मरतात. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा कायदा 2013 चा. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारमृत्यूची भरपाई वाढवून 30 लाख करावी लागली. म्हणजे कामगार कुठे उभा आहे हे कळायला पैसा आहे, तो कशात गुदमरतो आहे हे कळायला नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यावरही विसंबू नका. त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे, नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट आहे, आणि याच कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमाला कात्री लावली आहे. आपली माहिती त्यांना खुली, त्यांची आपल्याला बंद.

तरीही अर्ज करायचेच. आपल्या महापालिकेत घड्याळे, टॅग, चेहरा-हजेरी यांची कंत्राटे कुणाला दिली, दरमहा भाडे किती, साठवलेली नोंद किती दिवस ठेवतात, ती पोलिसांना देतात का, यंत्र बिघडल्याने किती जणांचा पगार कापला, आणि ही सक्ती कोणत्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांना लागू नाही? यातला एकही प्रश्न कुणाच्या वैयक्तिक माहितीचा नाही, त्यामुळे ते कलम पुढे करून अर्ज फेटाळला तर लगेच अपील करा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे लेखी घ्या.